घरच्या घरी उठावाचे भित्तिचित्र : माती, बगॅस आणि सबुरी



एरवी या पानावर मी लागण, खोडवा, पाचट आणि खतांचे हप्ते यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे, पण परका नाही. भिंतीवर लावायचे मातीचे उठावाचे चित्र घरी कसे करावे, हे या लेखात सांगणार आहे. ऊसवाल्याने चित्राच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की माती, वाळू, काडी आणि पाणी ही मंडळी रानात जशी वागतात तशीच भिंतीवर वागतात. ज्याला मूठभर माती चोळून तिची जात सांगता येते, त्याला हे काम निम्मे येते असे समजावे.

आता हा विषय निघाला कसा, ते सांगतो. आपल्या कार्यक्षेत्रात फिरताना जवळजवळ प्रत्येक वस्तीवर कोणाचा ना कोणाचा मुलगा, मुलगी मुंबईच्या बाजूला असल्याचे कळते. आणि मुंबईत जागा परवडत नाही म्हणून पुष्कळ जण पश्चिम रेल्वेवर मीरा रोड, भाईंदर, वसई असे पुढे पुढे सरकलेले आहेत. मीरा-भाईंदर ही एकेकाळी मिठागरांची, भातशेतीची आणि मासेमारीची गावे. १९८५ साली तेथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८ लाखांवर गेली. एवढी माणसे आली, म्हणजे तेवढ्या खोल्या झाल्या, आणि खोल्या झाल्या म्हणजे कोऱ्या भिंती आल्याच. त्या भिंतींवर लावायला आता बाजारात 'टेक्श्चर'च्या चौकटी मिळतात. फळीवर पुट्टी किंवा प्लास्टर थापून, खरवडून, रंग दिलेला असतो. दिसते छान. पण किंमत ऐकली की गावाकडचा माणूस गप्प बसतो. आणि जरा निरखून पाहिले तर ध्यानात येते, की हे तर आपल्या आईने, आजीने दर सणाला केलेले काम आहे.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे जमिनीचे दोन भाग जुन्या काळापासून मानतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाणाची. काळीत पीक घ्यायचे आणि पांढरीच्या मातीने घर बांधायचे. यात नुसती रीत नाही, शास्त्र आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात पडक्या रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. पिकाला ती चांगली, कारण पाणी धरून ठेवते. भिंतीला मात्र ती चालत नाही. पांढरीची माती कमी फुगते आणि कमी आकसते, म्हणून ती भिंतीला.

मातीच्या कोणत्याही गिलाव्यात तीन घटक असतात. चिकण माती ही धरून ठेवणारी. वाळू ही आकसण्याला आवर घालणारी. आणि काडी, भुसा, ताग किंवा शेणातले तंतू हे ताण घेणारे. माती वाळताना आकसते तेव्हा ती आपल्याच अंगाला ओढते. तो ताण घ्यायला आत धागा असला तर तडा बारीक राहतो किंवा पडतच नाही. सारवणात शेण घालतात ते याच कारणाने. जनावराच्या पोटातून गेलेल्या वैरणीचे बारीक तंतू शेणात तयार असतात, ते मुद्दाम कुटावे लागत नाहीत.

हीच पद्धत आपल्या महाराष्ट्रात किती जुनी आहे, ते बघा. अजिंठ्याची चित्रे आपण सर्वांनी निदान कॅलेंडरवर पाहिलेली आहेत. ती दगडावर सरळ काढलेली नाहीत. लेण्याच्या खडबडीत कातळावर आधी मातीचा जाड थर, त्यात भाताचा कोंडा, गवताचे तंतू आणि दगडाची बारीक कच. त्यावर मऊ मातीचा पातळ थर, त्यावर चुन्याचा अगदी पातळ हात, आणि मग रंग. वेरुळच्या मातीच्या गिलाव्याचा अभ्यास राजदेव सिंह आणि एम. एम. सरदेसाई या दोघांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यांना त्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळले. अजिंठ्याच्या गिलाव्यातील काडीकोंडा कीटकांनी खाल्ल्यामुळे चित्रांचे बरेच नुकसान झाले, वेरुळला मात्र तशी कीड दिसत नाही, आणि त्याचे श्रेय त्यांनी या तंतूंना दिले. आपल्या कामासाठी यातून एक गोष्ट घ्यायची : मातीत धागा हवा, पण किडीला गोड लागेल असा नको. हा मुद्दा बगॅसच्या बाबतीत पुन्हा येणार आहे.

मीरा-भाईंदरच्या अगदी जवळचे उदाहरण म्हणजे वारली लोकांच्या कुडाच्या भिंती. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, काशीमिऱ्याच्या बाजूला आजही आदिवासी पाडे आहेत, आणि पुढे पालघर, डहाणू, तलासरीपर्यंत हा मुलूख जातो. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती आणि शेणाचा लेप, त्यावर गेरू, आणि त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने काढलेली चित्रे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदा-कापडावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ते २०१८ साली वारले. त्यांच्याआधी मात्र लग्नाचा चौक लिहिण्याचे काम सुवासिनींकडेच होते, आणि भिंत सारवण्याचे कामही बायकांचेच. चित्राइतकीच त्या भिंतीची पाठ महत्त्वाची. खालची भिंत खडबडीत आणि जिवंत असते, म्हणून वरची पांढरी रेघ उठून दिसते.

भाईंदरची भिंत आणि आपले चोपण रान

आता हे काम सरळ भिंतीवरच का करू नये, असा प्रश्न येईल. मीरा-भाईंदरसारख्या ठिकाणी तर मुळीच करू नये. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनकडे समुद्र, मधे मिठागरे आणि खाजण. हवा दमट आणि खारी. पावसाळा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे दक्षिण-पश्चिमेच्या भिंतींवर झड बसते. अशा भिंतींना लोणा लागतो. रंग फुगतो, बोटाने दाबला की पापुद्रा निघतो आणि खाली पांढरी पूड दिसते.

लोणा कसा लागतो? भिंतीच्या बारीक छिद्रांतून पाणी ओढले जाते. दिव्याची वात तेल ओढते, तसेच. त्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. पाणी पृष्ठभागाशी येऊन वाफ होऊन जाते, क्षार तिथेच राहतात. त्यांचे खडे छिद्रात वाढतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. वरून तैलरंग दिला तर पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि फुगा आणखी मोठा येतो.

हे वाचताना आपल्यापैकी काहींना आपले रान आठवले असेल. जास्त पाणी दिले, निचरा नाही, भूजल वर आले, उन्हाने वाफ झाली आणि वर पांढरी खार फुलली. गोष्ट तीच. फरक एवढाच की भिंतीला लोणा लागलेला दिसला की आपण गवंडी बोलावतो, आणि रानाला लोणा लागलेला दिसला की उसाला आणखी एक पाणी देतो. भिंतीला जशी हवा हवी, तसा रानाला चर हवा. हे विषयांतर झाले खरे, पण माझ्या नोकरीचा भाग म्हणून सांगून टाकले.

तेव्हा चित्र करावे ते वेगळ्या फळीवर. फळी भिंतीपासून अर्धा ते एक इंच पुढे टांगावी, म्हणजे मागून हवा खेळते. भाड्याची जागा असली तरी मालकाची तक्रार येत नाही, आणि जागा बदलली तर चित्र बरोबर नेता येते.

वहिनींची परीक्षा

माझी पुतणी भाईंदर पूर्वेला भाड्याने राहते. माझ्या थोरल्या वहिनी नातवाला सांभाळायला वर्षभरापासून तिच्याकडे आहेत. उभे आयुष्य रानात आणि गोठ्यात गेलेल्या बाईला चौथ्या मजल्यावर दिवस मोठा जातो. "भावजी, हितं हाताला कामच न्हाई," असे त्या फोनवर म्हणत असत. गेल्या उन्हाळ्यात मी तिकडे गेलो होतो. पुतणीने मोबाईलवर बघून शाडूच्या मातीची एक चौकट केली होती. झाडाचे खोड, फांद्या, पाने, सगळे छान उठावाचे. दोन दिवसांत तिला आडव्या-उभ्या भेगा पडल्या आणि एक फांदी सुटून खाली आली.

पुतणी ती चौकट टाकून द्यायला निघाली होती. वहिनींनी ती हातात घेतली, नखाने कड खरवडली, एक तुकडा जिभेला लावला आणि म्हणाल्या, "ही माती उपाशी हाय. हिच्यात काडी न्हाई, वाळू न्हाई. आन् वाळवली कुठं? पंख्याखाली ना? मग फुटंल न्हाई तर काय करंल."

कृषी पदविकेला मी माती हा विषय शिकलो, पण याहून नेमके निदान मलाही करता आले नसते. तीनही कारणे बरोबर होती : धागा नाही, वाळू नाही, आणि वरची साल आधी वाळून आतला भाग ओला राहिला. मग त्या फुटलेल्या चौकटीचीच माती पुन्हा भिजवली. तागाच्या पोत्याचे दोरे अर्ध्या-अर्ध्या इंचाचे कातरले, चाळलेली वाळू घातली, आणि वहिनींनी ती पायाने नव्हे, पण कणकेसारखी हाताने तासभर मळली. पुतणीला म्हणाल्या, "मळायचा कट्टाळा केलास तर मातीसुदिक कट्टाळा करती."

त्यांनी त्यावर काय काढले म्हणाल, तर उसाचा तुरा. मी म्हटले, "वहिनी, दुसरं काही काढा. तुरा आला म्हणजे वजन घटतं, आम्ही लोकांना तोडणीची घाई करायला सांगतो." त्या म्हणाल्या, "भिताडावरच्या उसाला कारखाना काटा लावत न्हाई, भावजी." यावर मला बोलायला जागा राहिली नाही.

शेजारी एक कच्छकडचे कुटुंब आहे. तिकडे भुंग्यांच्या, म्हणजे गोल मातीच्या घरांच्या भिंतींवर माती आणि शेणाचे लिंपण करून त्यात आरशाचे तुकडे बसवतात. त्या घरच्या आजींनी आरसा कसा बसवायचा ते दाखवले, वहिनींनी त्यांना आपल्याकडचे हाताच्या कमानींचे सारवण दाखवले. एकीला मराठी येत नाही, दुसरीला कच्छी येत नाही. पण मातीचा घट्टपणा दोघी बोटानेच ठरवत होत्या. आता आठवड्यातून एक दुपार त्या इमारतीतील चार-पाच जणी एकत्र बसतात. वहिनींचा फोन आला की तक्रार कमी आणि हिशेब जास्त असतो : किती फळ्या झाल्या, शाडू कितीला मिळाली. म्हातारी माणसे मुलांकडे राहायला जातात तेव्हा त्यांच्या अंगचे हुन्नर गावाकडेच राहते असे आपण धरून चालतो. त्याला चार वाट्या माती आणि एक फळी पुरते, हे मी तेथे पाहिले.

साहित्य (१२ × १८ इंचाच्या एका फळीसाठी)

१) जलरोधक प्लायवूड, १२ मिलिमीटर जाडीचे.
२) धुऊन वाळवलेले गोणपाट, फळीच्या मापाचे.
३) चाळलेली पांढरीची माती ४ वाट्या. शहरात शाडू घ्यावी. काळी माती घेऊ नये.
४) बारीक चाळलेली वाळू १ वाटी. समुद्राची वाळू मुळीच नको, तिच्यात मीठ असते.
५) धागा २ वाट्या : धुतलेला बगॅस, किंवा कातरलेला ताग, किंवा सुके चाळलेले शेण.
६) फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पाऊण वाटी.
७) गेरू, पिवडी, खडूची पूड.

बगॅसविषयी खुलासा. गिरणीतून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये निम्म्याच्या आसपास पाणी असते आणि दोनेक टक्के साखरही राहून गेलेली असते. ही साखर काढल्याशिवाय तो वापरला तर मुंग्या येतात आणि बुरशी धरते. म्हणून गुऱ्हाळावरचे ताजे चिपाड कुटून घ्यावे, गरम पाण्यात दोन वेळा भिजवून पिळून काढावे, कडक उन्हात दोन दिवस वाळवावे आणि पिठाच्या जाड चाळणीने चाळावे. शेवटच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला उकळलेला असला तर उत्तम. पुट्टीत किंवा पांढऱ्या सिमेंटमध्ये न धुतलेला बगॅस घालू नये, कारण थोडी साखरही सिमेंटचे गोठणे लांबवते.

जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ घालत, मग इथे साखर का नको, असे कोणी म्हणेल. चुन्याची आणि साखरेची रासायनिक जवळीक आहे. आपल्या कारखान्यात रस स्वच्छ करायला चुन्याचे दूध वापरतात हे आपण जाणताच. चुन्यात गुळाचे काम होते. नुसत्या मातीत तो फक्त मुंग्यांना आमंत्रण ठरतो.

आकसण्याची परीक्षा

फळीला हात लावण्यापूर्वी ही परीक्षा अवश्य करावी. माती, वाळू, धागा आणि पाणी कालवून पोळीच्या कणकेइतके घट्ट मळावे. त्याची बोटभर जाड पट्टी करून तिच्यावर चाकूने बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढावी. पट्टी सावलीत पूर्ण वाळू द्यावी आणि रेघ पुन्हा मोजावी. रेघ साडेनऊ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर माती जास्त आकसणारी आहे. तिच्यात अर्धी वाटी वाळू आणि अर्धी वाटी धागा वाढवून पुन्हा परीक्षा करावी. पट्टी हातात धरल्यावर भुगा पडत असेल तर वाळू जास्त झाली, थोडी चिकण माती घालावी. माती परीक्षण न करता खताचा डोस ठरवणे आणि ही परीक्षा न करता फळी थापणे, दोन्ही सारखेच.

कृती

१) फळीच्या पाठीला आणि कडांना तैलरंगाचा एक हात द्यावा. पुढच्या बाजूला पाण्यात पातळ केलेल्या गोंदाचे दोन हात द्यावेत.

२) गोणपाट गोंदाने पुढच्या बाजूला चिकटवून वर वजन ठेवावे. रात्रभर राहू द्यावे. गोणपाटाच्या विणीत माती धरते. गुळगुळीत फळीवर ती सुटते.

३) अर्धी वाटी गोंद एक वाटी पाण्यात मिसळून त्या पाण्याने माती मळावी. लागेल तसे साधे पाणी घालावे. मळलेली माती ओल्या फडक्याखाली एक रात्र मुरू द्यावी.

४) पहिला थर दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होईल इतकाच जाड द्यावा. तळहाताने दाबून बसवावा. ओला असतानाच कंगव्याने आडवे-तिडवे ओरखडे काढावेत.

५) हा थर सावलीत, ओलसर फडक्याखाली एक दिवस, मग उघडा दोन-तीन दिवस वाळवावा. पंखा नको, ऊन नको. बारीक भेगा पडल्या तर घाबरू नये, दुसरा थर त्या भरून काढतो.

६) उठाव देताना खालच्या थराला पाण्याचा हात लावावा आणि मातीची पातळ रबडी फासावी. मग वळ्या, गोळ्या, पाने यांचे आकार दाबून बसवावेत. सांधा बोटाने पुसून एकजीव करावा. उठाव अर्ध्या इंचापेक्षा जास्त ठेवू नये.

७) खडबडीतपणासाठी विकतची हत्यारे लागत नाहीत. मक्याचे सोललेले कणीस लाटण्यासारखे फिरवावे. नारळाच्या शेंडीने टिपके द्यावेत. गव्हाची चाळणी दाबावी. उसाची कांडी आडवी दाबली तर पेऱ्याचा डोळा आणि त्याच्या भोवतालच्या मुळ्यांच्या ठिपक्यांच्या रांगा हुबेहूब उमटतात. चार बोटांनी अर्धगोल फिरवले की सारवणाच्या कमानी येतात.

८) पूर्ण वाळायला कोरड्या दिवसांत चार-पाच दिवस लागतात. किनाऱ्यावर पावसाळ्यात हे काम काढूच नये. दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले.

९) रंग देताना उरलेला गोंद पाण्यात पातळ करून त्यात गेरू किंवा पिवडी मिसळावी. पांढऱ्यासाठी खडूची पूड. हळद वापरू नये, तिचा रंग उजेडाने उडतो. आधी सगळीकडे गेरूचा हात द्यावा, आणि वाळल्यावर जवळजवळ कोरड्या फडक्याने पांढरा रंग नुसता वरच्या उंचवट्यांवर फिरवावा. खळग्यांत गेरू राहतो, माथ्यावर पांढरा बसतो, आणि उठाव दुपटीने दिसतो.

१०) टांगताना पाठीला दोन ठिकाणी हूक बसवावेत. फळी दोन-अडीच किलोची होते, तिला चिकटपट्टी पुरत नाही.

घ्यावयाची काळजी

– जुना, ढिगात राहून बुरशी आलेला बगॅस घरात आणू नये. त्याच्या धुळीने फुप्फुसाचा आजार होतो, त्याला बगॅसोसिस असेच नाव आहे. चाळताना नाका-तोंडाला फडके बांधावे.

– शेण आणि माती हाताळताना हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत. धनुर्वाताचे जंतू यातच असतात.

– चुना वापरायचाच झाला तर विझवलेला घ्यावा. कळीचा चुना घरात विझवू नये, लहान मुले असतील तर नाहीच. चुना डोळ्यात गेला तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावे आणि लगेच डॉक्टर गाठावा.

– मातीऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरणारांनी ध्यानात ठेवावे की ते गोठताना तापते. त्याच्या घट्ट होणाऱ्या लगद्यात हात बुडवून ठेवू नये, भाजते. त्याचे पाणी मोरीत ओतू नये, नळीतच दगड होतो. फ्लॅटमध्ये ही चूक सर्व मजल्यांना महाग पडते.

काय काढावे

पुष्कळ जण विचारतात, वारली चित्र काढू का? शिकण्यासाठी, घरासाठी काढायला हरकत नाही. पण त्या चित्रांतला लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी ही त्या लोकांची पूजेची गोष्ट आहे. ती सोफ्यावरची शोभा म्हणून काढू नये. आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेव्हा आपण केलेली फळी 'वारली' म्हणून विकणे तर बरोबरच नाही. वारली चित्र हवे असेल तर ते काढणाऱ्याकडून योग्य दाम देऊन घ्यावे.

आपल्याकडे काढण्यासारखे काही कमी आहे काय? मोट गेली, पण थारोळे आठवते. बैलगाड्यांची रांग, गव्हाण, काटा, कोयता घेतलेली बाई, पाचटाचा ढीग, सरीतले पाणी. सरी-वरंबा तर मातीच्या उठावासाठीच केलेला आकार आहे : पाच-सहा वळ्या समांतर ठेवल्या आणि मधे बोट फिरवले की रान तयार. ज्याला चित्रकला येत नाही असे वाटते, त्याने यापासून सुरुवात करावी.

सणाला मुले गावी येतील तेव्हा घरातल्या मोठ्या बाईला मळायला बसवावे, मुलांनी चाळावे आणि नातवंडांनी कणीस फिरवावे. जाताना मुलांच्या पिशवीत चाळलेली माती आणि धुतलेला बगॅस बांधून द्यावा. पांढरीची माती कोणती आणि चोपण कोणती याविषयी शंका असल्यास मूठभर नमुना कागदात बांधून, नाव व गट नंबर लिहून, आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयात आणावा. त्याच फेरीत लागणीच्या रानाचा नमुनाही आणला तर दोन्ही कामे होतील. आडसालीची नोंद ज्यांची राहिली असेल त्यांनी तीही करून घ्यावी.

– ऊस विकास अधिकारी